पाठीमागचा दिवा

दिवाळी जवळ आली की घरातल्या लहानथोर प्रत्येकाला दिव्यांविषयी ठाम मत असते. आकाशकंदील कागदी हवा की कापडी, पणत्यांत तेल घालायचे की तयार मेणाच्या आणायच्या, गॅलरीतली माळ पिवळी की रंगीबेरंगी, अशा प्रश्नांवर चहाचे चार कप सहज रिकामे होतात. आमच्या मनवेलपाड्यातही तोच प्रकार. विरार पूर्वेच्या या वस्तीत इमारती इतक्या दाटीने उभ्या आहेत की एका गच्चीवरची माळ शेजारच्या गच्चीने उसनी घेतल्यासारखी दिसते. आणि या सगळ्या रोषणाईकडे जीवदानीच्या डोंगरावरचे दिवे शांतपणे पाहत असतात.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. त्यामुळे दिव्यांइतकेच माझे लक्ष दिव्यांविषयीच्या शब्दांकडे जाते. आपली भाषा दिव्याशी फार अदबीने वागते. दिवा ‘विझवणे’ आपल्या आज्यांना खपत नसे. तो मालवायचा, नाहीतर त्याला निरोप द्यायचा. दुसरीकडे, परीक्षेचा निकाल घेऊन घरी आलेल्या चिरंजिवांनी ‘काय दिवे लावले’ तेही आपण याच भाषेत विचारतो. पण एक दिवा असा आहे की त्याच्या वाट्याला एकही म्हण आलेली नाही. तो म्हणजे सिनेमाच्या प्रोजेक्टरमधला दिवा. तीन तास आपण त्याच्याकडे चक्क पाठ करून बसतो. पडद्यावरची नायिका रडली की रुमाल काढतो, नायकाने मार खाल्ला की हळहळतो. ज्याच्या जिवावर हे चाललेले असते त्याची आठवण मात्र तो गेल्यावरच होते. मग अख्खे थिएटर माना वळवून मागे पाहते आणि शिट्ट्यांचा पाऊस पडतो.

हा पाठीमागचा दिवा निवडायचा कसा, हा प्रश्न यंदा आमच्या गल्लीत खरोखरीचा उभा राहिला. त्याची हकीकत पुढे येईलच. आधी हा प्रश्न वाटतो तितका साधा का नाही, ते पाहू.

थिएटरातल्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचे एक चित्र साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढे असते. ते ११ मीटर रुंदीच्या पडद्यावर दाखवायचे म्हणजे रुंदी पाचशे पट आणि क्षेत्रफळ अडीच लाख पट वाढवायचे. तिकिटातून जेवढा उजेड पार होईल तेवढाच अडीच लाख तिकिटांच्या जागेत वाटायचा. डबाभर चिवडा अख्ख्या गावाला पुरवण्यासारखेच हे! म्हणून इथे नुसता भरपूर उजेड उपयोगाचा नाही. तो अगदी लहान जागेतून निघाला पाहिजे, कारण लहान जागेतून निघालेला उजेडच आरशाने आणि भिंगाने गोळा करून तिकिटाएवढ्या खिडकीतून नेता येतो. चार फुटांची ट्यूबलाइट खोली उजळील, पण प्रोजेक्टरच्या कामाला ती नापास. ही झाली पहिली अट. दुसरी अट उष्णतेची, कारण गोळा केलेल्या उजेडाबरोबर धगही गोळा होते. तिसरी अट म्हणजे दिव्याची राखण कोण करणार. गेल्या सव्वाशे वर्षांतला प्रोजेक्टरचा इतिहास हा या तीन अटींच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

सिनेमा येण्यापूर्वीही पडद्यावर चित्रे दाखवली जात होती. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि जोडीला कथा. नाव उच्चारताना जीभ अडखळेल. पण त्या काळच्या प्रेक्षकांना त्या नावात मायावी शंबरासुर दिसत असणार. त्या खेळांत चित्र काचेवर होते, हे ध्यानात ठेवा. काच धग सोसते. जगभर असल्या खेळांत तेव्हा तेलाच्या दिव्यांपासून चुन्याच्या दिव्यापर्यंत नाना प्रकार वापरत. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडली की ती पांढरीशुभ्र तळपू लागते. इंग्रज नटांच्या अंगावर हाच झोत पडे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे झळकली आणि काचेची जागा फिल्मने घेतली. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण. एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहणारी. अशा वस्तूपाठीमागे दिवा धरायचा! ल्युमिएर यांनी यावर नामी तोड काढली होती. दिवा आणि फिल्म यांच्यामध्ये भिंग म्हणून त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवला. पाणी उजेड गोळा करी आणि धग स्वतः पिऊन टाकी. चंबू फुटलाच तर उजेड पांगे आणि फिल्म वाचे. सगळेच इतके सावध नव्हते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय जत्रेत सिनेमाचा खेळ चालू होता. तिथला दिवा ईथरच्या वाफेवर जळणारा. त्यात ईथर भरताना आगपेटीची काडी ओढली गेली आणि काही मिनिटांत मंडप जळून सव्वाशेच्या आसपास माणसे दगावली. दोष चित्रांचा नव्हता, दिव्याच्या निवडीचा होता.

पुढे वीज आली. पण विजेच्या साध्या बल्बलाही मर्यादा असते. त्यातली तार टंगस्टनची. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून तार त्याहून जास्त तापवता येत नाही. आणि मोठ्या पडद्याला तेवढ्याने भागत नाही. म्हणून थिएटरांनी कार्बनचा दिवा पत्करला. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून क्षणभर भिडवायच्या आणि किंचित दूर करायच्या. मधल्या फटीतून वीज उडी मारते आणि धन बाजूच्या कांडीच्या टोकाला एक खळगा पडून तो सूर्यासारखा तळपू लागतो. खळगा बोराएवढा, आणि तेज बल्बच्या तारेला कधीही न गाठता येणारे. पहिली अट अशी झकास पुरी झाली. पण राहिलेल्या दोन अटींनी त्याचे उट्टे काढले.

ते उट्टे कसे, हे मला आमच्या गल्लीतल्या मामांनी समजावले. मामा मुंबईतल्या एका थिएटरात आयुष्यभर ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर मनवेलपाड्यात आले आणि मिक्सर, पंखे, शिलाई यंत्रे असे गल्लीतले जे जे फिरते ते ते दुरुस्त करू लागले. ते सांगत होते, “सर, कार्बन म्हणजे तान्हं पोर. पाच मिनिटं नजर काढायची सोय नाही. दोन्ही कांड्या जळत जळत आखूड होतात, पण सारख्या नाही. धन बाजूची जास्त जळते, म्हणून ती जाडी असते. फट वाढली की पडद्यावर अंधार येतो, जास्तच वाढली की दिवा जातो. कांड्या पुढे सरकवायला मोटर असते, पण खरा भरवसा डोळ्यांचाच. काळ्या काचेतून बघत राहायचं. आणि वर धूर! तो जायला मशीनवर धुराडं असे.”

“आणि फिल्म अडकली तर?” मी विचारले.

“तर पब्लिकला हिरोच्या गालावर तपकिरी फोड उठलेला दिसे. मग पडदा पांढरा, आणि शिट्ट्या.”

त्यांच्या केबिनमध्ये दोन मशीन असत. एक रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमके. तो दिसताच दुसऱ्या मशीनचा दिवा तयार हवा. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटे चालते. म्हणजे दर बावीस मिनिटांनी एका दिव्याची उत्तरपूजा आणि दुसऱ्याची प्राणप्रतिष्ठा! सणासुदीला चार चार खेळ. मामा म्हणाले, “शोले मी शेकडो वेळा चालवला, पण पाहिला म्हणाल तर तुकड्यातुकड्यांनी. डोळे सारखे दिव्याकडे.”

झेनॉन वायूचा दिवा आला तेव्हा ही राखण संपली. जर्मनीत १९५० च्या दशकात तो थिएटरांत दिसू लागला. आपल्याकडे कार्बन त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून होता. झेनॉनचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा, एकसारखा, आणि दिवा शेकडो तास चालणारा. कांड्या सरकवायला नकोत, धूर नाही. पण ‘दिव्याखाली अंधार’ इथेही आहेच. या दिव्याच्या काचेत वायू इतका दाबून भरलेला असतो की थंड असतानाही तो फुटला तर काचेच्या गोळ्या उडाव्यात. दिवा बदलताना तोंडावर मुखवटा आणि हातांत जाड मोजे चढवल्याशिवाय ऑपरेटर त्याला हात लावत नसत. मामांच्या उजव्या कानामागे एक बारीक व्रण आहे. त्याविषयी ते जास्त बोलत नाहीत.

२०१० नंतरच्या काही वर्षांत फिल्मच थिएटरांतून गेली. आता रीळ नाही, ठिपका नाही. चित्र संगणकातून येते आणि कित्येक ठिकाणी झेनॉनच्या जागी लेसर बसला आहे. मात्र उजेड मोजायची अट राहिली. पडद्याच्या दर चौरस मीटरला ४८ कँडेला एवढे तेज असावे, असे डिजिटल सिनेमाचे प्रमाण आहे. हा आकडा फार मोठा नाही. आपल्या खिशातल्या फोनचा पडदा सहज याच्या कित्येक पट तळपतो. सिनेमाला डोळे दिपवणारा उजेड कधीच नको होता. त्याला अंधारात पुरेल एवढा उजेड हवा असतो.

मोठ्या थिएटरांचे झाले. पण महाराष्ट्राने सिनेमा पाहिला तो काही केवळ तिथेच नव्हे. जत्रेतल्या तंबूंत ट्रकवर बसवलेल्या मशीनने गावोगाव सिनेमा नेला. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात त्या फिरत्या टॉकीजचे अखेरचे दिवस पाहायला मिळतात. आणि माझ्यासारख्या गिरगावच्या चाळीत वाढलेल्यांना गणेशोत्सवातला रस्त्यावरचा सिनेमा आठवत असेल. रस्त्यावर आडवी चादर, मधोमध १६ मिलिमीटरचे मशीन, आणि चादरीच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षक. उलट्या बाजूला बसणाऱ्यांचे नायक डावखुरे असत, एवढाच फरक. तिथे कार्बन शक्यच नव्हता. त्याला चाळीस-पन्नास अँपिअरचा एकदिश प्रवाह लागतो, आणि मंडपाला वीज मिळायची ती तळमजल्याच्या बिऱ्हाडातून. म्हणून साधा बल्ब. पडदा लहान करा, काळोख पडेपर्यंत थांबा, समोरच्या दुकानदाराला पाटीवरचा दिवा मालवायला सांगा, की बल्बही पुरा पडतो. दिवा वाढवता येत नसेल तर बाकीचे सारे जुळवून घ्यायचे, हे शहाणपण त्या मंडळांच्या पोरांना कोणी शिकवले नव्हते.

आता गल्लीतला प्रश्न.

समोरच्या इमारतीतल्या एका काकूंच्या माळ्यावर स्टीलच्या डब्यात एक रीळ होते, आणि शेजारी खोक्यात प्रोजेक्टर. काकूंचे लग्न १९७३ साली अलिबागजवळच्या गावी, घरच्या अंगणात लागले. नैरोबीहून आलेल्या त्यांच्या मामांनी सुपर एट कॅमेऱ्याने ते टिपले. पन्नास फूट फिल्म, दर सेकंदाला अठरा चित्रे, एकूण तीन मिनिटे वीस सेकंद. मामांनी जाताना प्रोजेक्टरही भाचीला देऊन टाकला. पुढे बल्ब गेला, आणि रीळ चाळीस वर्षे डब्यात राहिले.

काकूंनी मला बोलावून सांगितले, “अहो सर, आल्बममध्ये माझी आई कुठेच नाही. बाबा वर्षभरापूर्वी गेले होते. त्या काळी विधवेला कोण पुढे येऊ देतंय? ती माजघराच्या दारात उभी होती. पण मामाचा कॅमेरा फिरताना ती एकदा येऊन जाते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पुढे जाते. मला तिथे थांबवून बघायचंय.”

रीळ घराबाहेर द्यायचे नाही, ही त्यांची अट. म्हणजे जे करायचे ते त्यांच्याच दिवाणखान्यात. मी आमच्या गल्लीतल्या मामांना घेऊन गेलो.

मामांनी आधी डबा उघडून वास घेतला. जुनी फिल्म कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत बुरशीही धरते. वास नव्हता. मग दोन फूट फिल्म हाताने मशीनमधून फिरवून पाहिली. भोके दात्यांत नीट बसत होती. तेव्हाच दिव्याचा विचार सुरू झाला.

मूळ बल्ब होता १२ व्होल्ट १०० वॅटचा, हॅलोजनचा. तसा बल्ब शोधला तर मिळतो. पण हा बल्ब चालत्या फिल्मसाठी. सुपर एटचे चित्र हरभऱ्याच्या डाळीएवढे. त्यावर तो झोत एका जागी पडून राहिला तर चित्र करपते. काही मशीनांत चित्र थांबवले की मध्ये जाळी येते, पण जाळीने उजेड इतका कमी होतो की दारातल्या सावलीतला चेहरा दिसणारच नाही. काकूंचा नातू म्हणाला, “मग मोठा बल्ब लावू!” मामांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो फराळाची ताटली घेऊन आत गेला. मोठ्या बल्बने ट्रान्सफॉर्मर तापतो, पंखा पुरत नाही, आणि फिल्म शिजते.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली. रीळ कोडाक्रोमचे होते. या फिल्मचे रंग अंधारात पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र ते इतर कित्येक फिल्मांपेक्षा लवकर उडतात. म्हणजे ज्या दिव्याने चित्र दिसते तोच दिवा ते दर वेळी थोडे खातो. चाळीस वर्षे बल्ब नव्हता, म्हणून काकूंचा शालू लाल राहिला होता.

अखेर एलईडी ठरला. तो निवडतानाही पथ्ये होतीच. एलईडीच्या झोतात फिल्म तापवणारी धग बरीच कमी. पण दिव्याची स्वतःची पाठ तापते, तिला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा हवा. पाकिटावरचा लुमेनचा मोठा आकडा पाहून भुलायचे नाही. शंभर ठिपक्यांची मोठी चकती खोली उजळते. आपल्याला एकच लहान चिप हवी, आणि ती जुन्या तारेच्या नेमक्या जागी बसायला हवी. प्रवाह एकदिश आणि स्थिर हवा. मंद करायची सोय असलेली स्वस्त यंत्रणा दिव्याची अतिवेगाने उघडझाप करते. प्रोजेक्टरचे पातेही सेकंदाला चोपन्न वेळा उघडझाप करत असते, आणि दोघांचा ताल जुळला नाही की पडद्यावर उजेडाच्या लाटा उठतात. शेवटची गोष्ट रंगाची. पुष्कळ एलईडींत लाल रंग फिका पडतो. सीआरआय म्हणून एक आकडा असतो, तो नव्वदच्या वर पाहून घ्यावा. लग्नाच्या फिल्ममध्ये लाल गेला तर मग उरले काय?

मामांनी लॅमिंग्टन रोडला दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी दिवा बसवला. उजेड जुन्या बल्बपेक्षा कमीच होता. चार फुटांच्या चित्रात माजघराचे दार नुसते काळे दिसेना का! तेव्हा मामांनी प्रोजेक्टर भिंतीजवळ सरकवला. चित्राची रुंदी निम्मी केली की तेज चौपट होते. चार फुटांचे चित्र दोन फुटांवर आले आणि दाराच्या चौकटीचे लाकूड दिसू लागले.

रीळ सुरू झाले. मांडव, मुंडावळ्या, हसणारे वऱ्हाड. मग कॅमेरा डावीकडे फिरला. “थांबा,” काकू म्हणाल्या. मामांनी मशीन थांबवून चक्री हाताने मागे फिरवली. दारात एक बाई उभी होती. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला, अर्धा चेहरा दाराआड, आणि उजवा हात खांद्याइतका वर उचललेला. अकरा चित्रांत मिळून त्या हाताची मूठ उघडत होती.

“अक्षता टाकतेय,” काकू म्हणाल्या.

मामांनी ते चित्र वीस-पंचवीस सेकंद ठेवले आणि पुढे नेले. थंड दिवा झाला तरी रंगाचा खर्च चालूच असतो. तेवढ्यात नातवाने भिंतीवरचे ते चित्र फोनमध्ये उतरवून घेतले होते. आता ते चौकटीत बसवून काकूंच्या आल्बमच्या पहिल्या पानावर आहे. रीळ पुन्हा डब्यात गेले, या वेळी माळ्याऐवजी कपाटात.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. फराळ आणि पाहुणे आटोपले की तो जरूर खाली काढा. पण मशीनला वीज लावण्याची घाई करू नका. आधी वास घ्या. दोन फूट फिल्म हाताने चालवून पाहा. गावात एखादा जुना ऑपरेटर असेल तर त्याला चहाला बोलवा. हे लोक आता थोडे राहिले आहेत आणि त्यांना हे सांगायला आवडते. शक्य असेल तर पहिल्याच दाखवण्यात प्रत उतरवून ठेवा, म्हणजे मूळ रीळ पुन्हापुन्हा उजेडात न्यायला नको. बल्बच लावायचा तर जुन्यावर लिहिलेले व्होल्ट आणि वॅट जुळवून घ्या, आणि नव्या हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकट डागाने ती तडकते. आणि दिवा निवडण्यापूर्वी घरच्या मोठ्यांना एकदा विचारा, की यात तुम्हांला नेमके काय पाहायचे आहे? नुसती मौज म्हणून सारे रीळ पाहायचे असेल तर एक दिवा, आणि कुणा एकासाठी थांबायचे असेल तर दुसरा.